बंद घरांचे ठिपके

यंदा होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी माझ्या मावशीला अंगणवाडीत स्वयंपाकाला येऊ नका, असं कळवण्यात आलं. निरोप फोनवर आला. लेखी काही नव्हतं. कारण एका वाक्यात सांगितलं गेलं: नकाशावर काविळीचे सगळे ठिपके तुमच्या घराभोवती आहेत.

तो नकाशा तयार करणाऱ्यांमध्ये मी होते.

मावशीचं गाव औराद तालुक्यात, चिंताकीच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत. मी बीदरला राहते. बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होते. ते पान बंद झालं. त्यानंतर भाषांतराची कामं केली. मागच्या पावसाळ्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन गटानं मला पत्ते लावायच्या कामावर घेतलं. कर्नाटकातल्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या महाराष्ट्र सीमेवरच्या तालुक्यांत कावीळ कुठून येते, याचा अभ्यास होता. दवाखान्यातला कारकून पत्ता कन्नडमध्ये लिहितो, रुग्ण तो मराठीत सांगतो आणि दोघांमधलं बोलणं दखनी उर्दूत होतं. या तिन्ही भाषा वाचून, ऐकून, पत्ता खरा कुठला हे ठरवणारं माणूस त्यांना हवं होतं.

पत्ते असे असत: विहारामागं. टाकीच्या वरच्या अंगाला. फाट्यावर उतरून विचारणे. संगणकाला असा पत्ता सापडत नाही. मग तो गावाचं नाव पकडतो आणि ठिपका गावाच्या मधोमध ठेवतो. हा मध्य त्यानं स्वतःच काढलेला असतो. एका गावाचा मध्य पाझर तलावात निघाला. त्या गावचे सगळे रुग्ण काही दिवस आमच्या पडद्यावर पाण्यात उभे होते.

आळंद तालुक्यात खजुरीला वेगळी अडचण आली. तिथली माणसं सीमेपलीकडच्या दवाखान्यात जातात. पलीकडचा पत्ता दिला तर काही सोयी मिळतात, म्हणून ती पलीकडच्या पाहुण्याचा पत्ता देतात. माणूस खजुरीत आजारी पडतो, ठिपका महाराष्ट्रात पडतो. तिथं मी आठवडाभर फिरले. एका म्हाताऱ्यानं शेवटी विचारलं, "बाई, तुला माझं घर पायजे का मी पायजे?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "दोन्ही एका जागी कवाच नसत्यात."

हे प्रकार गटाच्या प्रमुख डॉक्टर बाईंना माहीत होते. त्या कलबुर्गीच्या. कन्नड घरची भाषा, दखनी सराईत, मराठी समजते. संगणकावर विसंबायचं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. पत्ता मिळाला की विद्यार्थी गावात जात, घर शोधत, शेजारी विचारून खात्री करत आणि दारात उभं राहून फोनवर बटण दाबत. मग ठिपका उंबऱ्यावर पडे. या कामात याहून बरी पद्धत फारशी कुणी वापरत नाही.

होळीच्या आधी काही दिवस औरादचा भाग माझ्याकडे तपासायला आला. मावशीच्या गावात ठिपके एका जागी गोळा झाले होते. चित्र मोठं केलं. विहार दिसला, विहारामागची गल्ली दिसली. मावशीचं पत्र्याचं घर आणि त्यासमोरचं लिंबाचं झाड वरून ओळखू येत होतं. एक ठिपका तिच्या घरावर होता. बाकीचे आजूबाजूच्या घरांवर, कडं करून.

मी डॉक्टर बाईंना फोन केला. मधल्या घरातली बाई माझी मावशी आहे, मी तिच्या भाचीच्या नात्यानं नाही तर कामाच्या नात्यानं बोलते आहे, आणि या गावाची तपासणी दुसऱ्या कुणाकडं द्यावी, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, ती काय करते? मी म्हटलं, अंगणवाडीत मदतनीस आहे. स्वयंपाक तीच करते. 

"वो बाद में देखेंगे," त्या म्हणाल्या. "पहले पानी."

पाण्यासाठीच तो कच्चा नकाशा तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला दिला गेला. टाकीत औषध टाकायचं, नळाची गळती बघायची, एवढाच त्यामागचा हेतू होता. तिथून कुणीतरी पडद्याचा फोटो काढला. फोटो गावात पोचला तेव्हा मी बीदरच्या बसस्थानकावर उभी होते आणि तो मलाही आला. पाठवणारा माझ्या दुसऱ्या मावशीचा मुलगा. खाली लिहिलं होतं: हे आपल्या मावशीचं घर न्हवं का?

सोमवारी निरोप आला. मंगळवारी मी गावात गेले.

मावशी ओट्यावर बसली नव्हती. ती घरात येत होती, बाहेर जात होती, पुन्हा आत येत होती. अंगणवाडीत भात शिजवायची वेळ होती.

"कामून आलीस?" तिनं विचारलं.

"तू फोन उचलना म्हणून."

"फोनवर काय सांगू? ये म्हणल्या तवा गेले, येऊ नको म्हणल्या तवा बसले." मग बसली नाहीच, कोपऱ्यातली घागर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. "तुझ्याच त्या नकाशात हाय म्हणं मी."

"तू न्हाईस. घर हाय."

"घर म्हणजे मीच की. दुसरं कोण हाय इथं?"

मावसा गेल्यापासून ती एकटी राहते. अंगणवाडीतलं काम तिला बऱ्याच खटपटीनं मिळालं. तिच्या हातचं आमच्या पोराला नको म्हणणारी काही घरं गावात तेव्हाही होती. ती घरं आपल्या मुलांना डबा देऊन पाठवत, मग हळूहळू डबे बंद झाले. आता त्यांना नकाशा मिळाला होता. त्यातल्या एका घरच्या बाईनं पाणवठ्यावर म्हटलेलं मावशीनं मला जसंच्या तसं सांगितलं: "आमी कवाचं म्हणायलाव, तवा वाईट दिसलं. आता डाक्टरच म्हणायल्यात."

मी विचारलं, गल्लीत आजारी कोण कोण होतं?

"हुते की."

"कोण?"

"हुते म्हणलं न्हवं."

"त्यांना डबा तू दिलास?"

"दवाखान्यात हुते तवा दिला. भाकरी अन् मुगाचं वरण. यष्टीच्या कंडक्टरपाशी दिला. त्यात काय झालं?"

हे विद्यार्थ्यांनीही टिपून घेतलं होतं. एकाच घरचा डबा, हे त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं. पण डबा आजारी पडल्यावर गेला होता.

मी गल्लीत फिरले. घरांपुढं सडा होता. एका दारात चपला होत्या, दुसऱ्या दारात बायकांच्या आणि लेकराच्या. दोन घरांच्या मधल्या दोरीवर ओलं लुगडं होतं. मी पहिल्या दाराशी उभी राहून हाक मारली. कुणी आलं नाही. दारावर गोणपाट लोंबत होतं. ते बाजूला केलं तर मागं कुलूप होतं. दुसऱ्या घरी तेच. दोरीवरचं लुगडं मावशीचं होतं. दिवाळीला मीच ते घेतलं होतं.

सीमेवरच्या या गावांतली घरंच्या घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात आणि पावसाच्या तोंडाशी येतात. जाताना चावी एका घरी ठेवतात. ते घर ठरलेलं असतं. आमच्या आजीकडं चाव्या असायच्या, आजीनंतर मावशीकडं आल्या. वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधून त्या तिच्या घरात खिळ्यांना टांगलेल्या असतात. चावी ठेवणारीनं नुसती चावी सांभाळायची नसते. घर रिकामं दिसू द्यायचं नसतं. सडा टाकायचा, जुन्या चपला दारात मांडायच्या, आपलं धुणं त्यांच्या अंगणात वाळत घालायचं. आणि कुणी विचारलं तर आहेत म्हणायचं. शेताकडं गेल्यात, येतील. हे सगळ्यांना सांगायचं, ओळखीच्यालाही आणि पोलिसालाही. मावशीनं हे मोडल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

विद्यार्थी आले तेव्हा तिनं तेच केलं. भट्टीवर आजारी पडलेली माणसं जीपनं औरादकडच्या दवाखान्यात आली होती. तिथं पत्ता विचारल्यावर चावी जिथं होती तो पत्ता त्यांनी दिला: मावशीचं घर, विहारामागं. फोन नंबर तिचाच, कारण भट्टीवरचा नंबर दर हंगामाला बदलतो. बरं वाटल्यावर बहुतेक जण तिथूनच परत भट्टीवर गेले. विद्यार्थ्यांनी पत्त्यावरून मावशीला गाठलं. ही माणसं इथंच राहतात का? हाईत की. घर कुठलं? हे, ते आणि पलीकडचं. आत्ता कुठं आहेत? शेताकडं. त्यांनी सडा बघितला, चपला बघितल्या, दोरीवरचं लुगडं बघितलं आणि बटण दाबलं. ठिपका बरोबर उंबऱ्यावर पडला. एका रुग्णाचं घर मावशीनं दाखवलं नाही. तो इथंच असतो, एवढंच म्हणाली. त्याचा ठिपका तिच्या घरावर राहिला.

हे मला त्या दुपारी समजलं. पण समजणं आणि सिद्ध होणं यांत फरक आहे, हे मी दैनिकाच्या पानावर काम करताना शिकले होते. कुलूप आज होतं. आजारी पडण्याच्या आधीच्या आठवड्यांत ते होतं की नाही, हे कुलपावरून कळत नाही. आणि जिच्याकडून कळलं असतं ती सांगत नव्हती.

"मावशी, ही घरं पोळ्यापासून बंद हाईत का दिवाळीपासून?"

"कोण म्हणलं बंद हाईत?"

"मी कुलूप बघून आले."

"शेताला जाताना कुलूप घालत न्हाईत का माणसं? तू बीदरला घालतीस न्हवं?"

मी डॉक्टर बाईंना फोन केला आणि जे पाहिलं ते सांगितलं. जे पाहिलं नाही ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या की मी स्वतः येते.

गुरुवारी त्या आल्या. मावशीनं चहा ठेवला. अंगणवाडीतून काढल्यापासून तिच्या घरचा चहा घेणाऱ्या त्या पहिल्या बाहेरच्या बाई होत्या, असं शेजारणीनं नंतर मला सांगितलं. डॉक्टर बाईंनी सगळा चहा प्यायला आणि मग विचारलं.

"मौसी, होली के पहले एक महिना ये घराँ खुले थे क्या?"

"खुलेच थे की," मावशी म्हणाली. तिची दखनी मराठीच्या चालीवर चालते.

"लोगाँ यहींच थे?"

"हां तो. कहां जाते?"

"देखो मौसी. आप हां बोले तो बीमारी इधरीच की है बोलके लिखना पड़ता. फिर आपका काम नहीं आता वापस."

"वो मेरे कू मालूम है."

"तो भी?"

मावशीनं कपबशी उचलली. "और लेते क्या चाय?"

बाहेर आल्यावर डॉक्टर बाई गाडीशी उभ्या राहिल्या. चूक आमच्या प्रश्नात आहे, असं त्या म्हणाल्या. दवाखान्यात घर कुठं असं विचारलं जातं, गेला महिनाभर कुठं होता असं विचारलं जात नाही. काविळीत आजार दिसायच्या कित्येक दिवस आधी पाणी पोटात गेलेलं असतं. त्या दिवसांतली जागा हवी. ती रुग्णानं स्वतः सांगितली तरच धरता येईल. मी सांगून नाही, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही तर नाहीच.

रुग्णांचे भट्टीवरचे नंबर मावशीकडं होते. तिनं ते दिले. नंबर द्यायचा नाही, असा नियम नव्हता. मी तिच्या ओट्यावर बसून तिच्याच फोनवरून पहिला फोन लावला. पलीकडं एक बाई होती. समोरच्याच घरातली, ती आणि तिचा नवरा दोघं आजारी पडले होते.

"जयभीम मावशी."

"जयभीम. मी मावशीची भाची बोलायले. बीदरची."

"व्हय का? मावशी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. एक इचारायचं हुतं. तुमी कावीळ व्हायच्या आधी गावात हुता का भट्टीवर?"

"कामून इचारायलाव?"

"दवाखान्याच्या कामासाठी."

"मावशीला इचारा की. तिला ठावं हाय."

"मावशी म्हणायली, तुमी गावातच हुता."

"मग हुताव की," ती म्हणाली. "मावशी म्हणायली म्हणल्यावर आमी गावातच हुताव."

मावशी आत भांडी लावत होती. आवाज थांबला होता.

दुसरा फोन असाच गेला. तिसऱ्यानं उचलला नाही. मी ओट्यावरून उठले, लिंबापर्यंत गेले, परत आले. भट्टीवरची माणसं मावशीकडं बोट दाखवत होती, मावशी त्यांची घरं झाकत होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची सोय बघत होता. त्या सोयीतून नकाशावरचा एकही ठिपका हलत नव्हता. मी पुन्हा पहिल्या बाईला फोन लावला. मी तिला काय सांगावं, हा प्रश्न होता. तुम्ही भट्टीवर होता असं म्हणा, असं सांगता येत नव्हतं. काय घडलं आहे ते सांगता येत होतं.

"मावशीचं अंगणवाडीतलं काम गेलंय," मी म्हटलं.

"काय? कवा?"

"सोमवारी. तुमच्या काविळीपायी. तिच्या हातून आली म्हणायल्यात."

"तिच्या हातून? अगं बाई, आमी तिच्या हातचं खाल्लंच कुटं, दवाखान्यात जाईपर्यंत? ही बोलली का न्हाई आमाला? परवाच्याला फोन झाला की." मग तिचा आवाज चढला. "मावशीला दे. दे तिला. न्हाई, तसाच ठेव, मोठ्यानं ऐकू येऊ दे."

मी फोन ओट्यावर ठेवला.

"मावशे! याडी झालीस का गं? आमच्या घरात हाय काय चोरायला? एक फुटकी घागर अन् उंदरं. चोर आला तर तोच काहीतरी ठिवून जाईल!"

मावशी दारात आली. "हळू बोल. गल्ली ऐकायली."

"ऐकू दे की! सांग त्यांना, दिवाळीपासून भट्टीवर हाव म्हणून."

"मी न्हाई सांगत. तुझं घर हाय, तुझ्या तोंडानं सांग."

"मी सांगते. कुणाला सांगायचं ते सांग."

"डाक्टरीनबाईला."

"दे नंबर. अन् मावशे, लुगडं दोरीवरनं काढ आता. नाटक बंद कर."

"लुगडं राहू दे," मावशी म्हणाली. "तू येईस्तोवर घर माझ्याकडंच हाय."

त्या संध्याकाळी ती बाई डॉक्टर बाईंशी बोलली. दिवाळीनंतर जीप केव्हा सुटली, भट्टीवर पाणी कशातून येतं, पहिल्यांदा कोणाचे डोळे पिवळे झाले, हे तिनं सांगितलं. तेलंगणातली भट्टी होती. पाणी उघड्या हौदातलं होतं आणि हौद झोपड्यांच्या खालच्या अंगाला होता. त्याच हौदाचं पाणी पिणारी दुसऱ्या तालुक्यांतली माणसंही आजारी पडली होती. तिनंच बाकीच्यांना निरोप दिला. पुढच्या काही दिवसांत बाकीच्या घरांचे फोन आले. एका म्हाताऱ्यानं फोनवर आधी मावशीची परवानगी घेतली. मावशी त्याला म्हणाली, "मला कामून इचारायलास आप्पा? चावी माझ्यापाशी हाय, जीभ तुझ्यापाशी हाय."

एक माणूस राहिला. मावशीच्या घरावर ज्याचा ठिपका होता तो.

तो आमच्या गल्लीतला नाही. त्याच्या घराचं भावकीत भांडण आहे, आणि अशा भांडणात घर रिकामं दिसलं की हातचं जातं. यापलीकडं त्याच्याबद्दल लिहिता येत नाही. मी त्याला फोन केला आणि इतरांना जे सांगितलं तेच सांगितलं. मावशीचं काम गेलं आहे, हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी गावातच हाव. हुताव बी गावातच. तसंच लिवा." मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ट्रॅक्टर गावातही असतात.

मी डॉक्टर बाईंना त्यानं जे सांगितलं ते कळवलं. त्यांनी विचारलं, मौसी क्या बोलते? मावशी म्हणाली होती, त्याचं त्यानं सांगितलं, मग झालं.

"मावशी," मी म्हटलं होतं, "त्या एका ठिपक्यापायी तुझं काम अडतंय."

"ठिपका कुणाच्या घरावर हाय?"

"तुझ्या."

"मग माझं मी बघते. तू त्याच्या घराचं कामून इचारायलीस?"

"तुला काम नको का?"

तिनं तेव्हा माझ्याकडं बघितलं. "काम पायजे मला. रोज त्या येळेला हात खाजायलेत माझे. कोण म्हणलं नको?" आणि चुलीपाशी गेली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही. ते घर त्या दिवसांत उघडं होतं की बंद, हे तिनं मला सांगितलेलं नाही. मला काय वाटतं, ते मी गटाला कळवलं नाही आणि इथंही लिहीत नाही.

एप्रिलमध्ये नकाशा नव्यानं झाला. विहारामागच्या घरांवरचे ठिपके उचलून भट्टीच्या जागी ठेवले गेले. तिथं ते अभ्यासाच्या सीमेबाहेर पडले. अभ्यास दोन जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांचा होता. बाहेरचे ठिपके हिशेबात धरायचे नाहीत, असं आधीच ठरलेलं होतं. त्यामुळं ही माणसं नकाशावरून गेली. डॉक्टर बाईंनी भट्टी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या आरोग्य कार्यालयाला हौदाबद्दल पत्र लिहिलं. पत्र पोचल्याची नोंद आहे. हौदाचं पाणी तपासलं गेलं का, याला दुजोरा मिळालेला नाही. मी तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा बघतो म्हणाले, दुसऱ्यांदा साहेब रजेवर होते, तिसऱ्यांदा फोन लागला नाही.

अहवालाच्या मसुद्यात डॉक्टर बाईंनी एक परिच्छेद वाढवला. पत्ता दारापर्यंत अचूक असूनही जागा चुकीची असू शकते, कारण हंगामी स्थलांतर करणारी माणसं राहण्याची जागा न सांगता घराची जागा सांगतात, अशा अर्थाचा. चाव्यांचा उल्लेख त्यांनी केला नाही. घरांचे ठिपके दिसतील असा नकाशा पुन्हा कुठल्या कार्यालयाला द्यायचा नाही, असंही ठरलं. मावशीच्या गावाबद्दल मसुद्यात एकच ओळ आहे: स्थानिक संसर्गाचा एक रुग्ण, स्रोत अज्ञात.

मे महिन्यात डॉक्टर बाई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला भेटल्या. मी सोबत होते, बोलले नाही. पर्यवेक्षिका कन्नडमध्ये बोलत होत्या. त्यांचा स्वर वाईट नव्हता. टेबलावर तोच जुना फोटो फोनमध्ये उघडा होता.

"सगळे गेले म्हणता," त्या म्हणाल्या. "एक तर आहे ना?"

"एक आहे."

"तिच्या घरावर?"

"तिच्या पत्त्यावर आहे. त्यावरून तिच्या हातून झाला असं म्हणता येत नाही."

"मॅडम, मला कळतं. पण मुलांच्या आया मला एकच विचारतात. एक आहे का नाही? मी काय सांगू?"

डॉक्टर बाईंनी मावशीची रक्ततपासणी करून घेतली होती. तिचा कागद त्यांनी पुढं ठेवला. तिला संसर्ग नव्हता. पर्यवेक्षिकांनी तो वाचला, घडी घालून ठेवला आणि वर विचारते म्हणाल्या.

परतताना औराद मागं गेल्यावर डॉक्टर बाईंनी विचारलं की मौसीनं त्या माणसाबद्दल खरंच काही सांगितलं नाही का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या गावात त्यांनी गाडी थांबवून पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं आणि न पिता तशीच मांडीवर धरून ठेवली.

मे संपता संपता पहिली जीप गावात आली. समोरच्या घरातली बाई उतरली आणि चावी मागायच्या आधी मावशीशी भांडली. मग गल्लीतल्या सगळ्या बायका मिळून पर्यवेक्षिकेकडं गेल्या. आम्ही कुठं होतो ते आम्ही सांगतो, असं त्यांनी सांगितलं. ते आधीच नोंदलेलं आहे, असं उत्तर मिळालं. राहिलेल्या माणसाबद्दल त्यांना विचारण्यात आलं. त्या म्हणाल्या, तो असतो की गावातच.

जूनमध्ये अंगणवाडी सुरू झाल्यावर मावशीला कामावर परत घेण्यात आलं. निरोप फोनवरच आला. स्वयंपाक दुसऱ्या मदतनीस बाईकडं देण्यात आला आहे. मावशी सकाळी गल्लोगल्ली जाऊन मुलं घेऊन येते, झाडलोट करते, पाणी भरत नाही. या महिन्यात अहवाल पाठवला गेला. गावच्या नकाशावर एक ठिपका आहे आणि तो तिच्या घरावर आहे.